सण असू दे, पण ताट मोकळं ठेवा

प्रश्न: ताई, मी नोकरी करते, घरात आम्ही पाच माणसं. रोजचा स्वयंपाक कसाबसा निभावते पण सण जवळ आला की पोटात गोळा येतो. चार दिवस आधीपासून याद्या, सामान, दहा-बारा पदार्थ, आणि सगळ्यांना गरम गरम वाढून मी बसते तेव्हा माझी भूक मेलेली असते. मागच्या वेळी मेन्यू कमी केला तर सासूबाई म्हणाल्या, सणासारखं वाटलं नाही. नवरा म्हणतो बाहेरून मागव. मला बाहेरचं नकोय, घरचंच हवंय पण साधं. एरवीसुद्धा बाजारात दिसेल ते आणते, फ्रिज गच्च भरलेला असतो आणि तरी संध्याकाळी सात वाजता काय करू हा प्रश्न असतोच. साधं म्हणजे नक्की काय करायचं, सांगाल का? - दमलेली

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली, सगळ्यांना वाढून बसते तेव्हा भूक मेलेली असते. याद्या, फ्रिज, बारा पदार्थ सगळं बघू, पण रांधणारी बाईच उपाशीपोटी आणि दमून उठत असेल तर त्या सणाचा मेन्यू चुकलाय, एवढं मी आधीच सांगून टाकते. हा मेन्यू काही तुम्ही एकटीने ठरवलेला नसणार, तो वर्षानुवर्षं वाढत आलेला असतो, एका वर्षी कुणाला काहीतरी आवडलं म्हणून ते घुसलं, पुढच्या वर्षी पाहुण्यांसाठी अजून एक, आणि एकदा आत आलेला पदार्थ बाहेर काढायची हिंमत घरात कुणी करत नाही.

आता साधं म्हणजे काय. माझ्या मते पदार्थ थोडे, त्यातल्या एकावर मनापासून मेहनत, आणि बाकीचे त्याला साथ देणारे. बस. कमी तेल, कमी मसाला, डाएट वगैरेचा इथे काही संबंध नाही. पदार्थ कमी असले की प्रत्येकाला नीट वेळ मिळतो, कांदा खरोखर परतला जातो, मीठ चाखून बघितलं जातं, डाळ घाईने उतरवली जात नाही. बाराच्या गडबडीत बाराही पदार्थ नुसते 'बरे' होतात. मला तर चारच पदार्थ असावेत आणि त्यातला एक असा व्हावा की खाणाऱ्याने बोलणं थांबवून आधी दुसरा घास घ्यावा, हे कधीही जास्त आवडेल.

सासूबाईंचं वाक्य मनाला लावून घेऊ नका, पण त्यातून काहीतरी शोधता येईल. त्यांनी बसून पदार्थ मोजले असतील असं मला वाटत नाही, बहुतेक त्या ज्याची वाट बघत होत्या ते एक काहीतरी कमी केलेल्यात गेलं असेल. म्हणून पुढच्या सणाच्या आधी निवांत वेळ बघून घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा की या सणाला ताटात काय नसेल तर तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल, एकच सांगा. वेगवेगळं विचारा हं, सगळ्यांना एकत्र विचारलं की एक जण बोलतो आणि बाकीचे त्याच्यात भर घालत जातात, मग यादी परत बारावर. पाच माणसांकडून पाच उत्तरं येतील असं वाटतं ना, पण निम्मी सारखीच निघतात, हातात दोन-तीन नावं राहतात. तो तुमचा सण. बाकीचं कुणी मागितलेलंच नव्हतं, ते आपलं 'असायला हवं' म्हणून होत होतं. आणि या यादीत स्वतःचं नाव विसरू नका, तुम्हाला काय खायचंय हेही धरायचं.

मग ताट मांडायचं ते असं, एक मुख्य पदार्थ ज्याच्यासाठी लोक आलेत, एक काहीतरी कच्चं, ताजं, आंबट, म्हणजे काकडी, गाजर, टोमॅटो, लिंबू, दही जे त्या दिवसात चांगलं मिळतंय ते, एक तुमच्या घरचं रोजचंच, भात असो पोळी असो की पाव, आणि एक गोड. रोजचं ताटात हवंच, त्याने पोट भरतं आणि जड पदार्थाला उतारा मिळतो. तळलेलं हवं असेल तर तेच मुख्य करा, त्याच्या जोडीला दुसरं तळलेलं नको, कारण तळणं म्हणजे कुणीतरी एक जण गॅसपाशी अडकलेला, आणि तो एक जण कोण ते मी सांगायला नकोच.

जास्त पदार्थ असले की माणसं जास्त खातात, हे तर आपण डोळ्यांनी बघतोच, पण त्यावर अभ्यासही झालाय. खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवलं की एकच पदार्थ खात राहिलं तर त्याची गोडी हळूहळू उतरते, पण नवी चव समोर आली की खाण्याची इच्छा परत जागी होते. म्हणजे सणाच्या जेवणानंतर सगळे पोट धरून सुस्त पडतात त्याला बऱ्याच अंशी ही व्हरायटी कारणीभूत असते. चार पदार्थांचं जेवण जेवून उठलेली माणसं संध्याकाळी तुमच्याशी गप्पा मारायला जागी तरी असतील.

आता रोजचं बघू, कारण मला वाटतं सणाच्या टेन्शनचं मूळ तिथेच आहे. ज्या घरात रोज सात वाजता काय करू असतं तिथे सण म्हणजे तोच प्रश्न दसपट. बाजारात दिसेल ते आणते असं लिहिलंत, तर यापुढे जे ढिगाने दिसेल तेच आणा. ज्या भाजीचे चारी बाजूला ढीग लागलेत ती हंगामातली, ताजी आणि बहुतेक वेळा स्वस्तही, तिला फार काही करावं लागत नाही. एका वेळी दोन-तीनच भाज्या घ्या पण भरपूर घ्या. सात प्रकारच्या भाज्या पाव-पाव किलो आणल्या की प्रत्येकीचं काहीतरी उरतं आणि त्या उरलेल्या मुठी-मुठीनेच फ्रिज गच्च होतो.

आणल्यावर क्रम एकच, जे आधी सडेल ते आधी खायचं. पालेभाजी आणि कोथिंबीर पहिल्या-दुसऱ्या दिवशी, मग काकडी, वांगी, शेंगा, टोमॅटो, नंतर कोबी, फ्लॉवर, गाजर, आणि शेवटी कांदे, बटाटे, अख्खा भोपळा आणि कडधान्य. झाला की आठवड्याचा मेन्यू, वेगळा विचार करायलाच नको! पावसाळी हवेत पालेभाजी ओली येते आणि बघता बघता चिकट होते, तेव्हा ती पसरून कोरडी करून मगच कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.

हंगामाचा फायदा नुसता पैशाचा नाही, चवीचा आहे. गाजर, कोबी, पालक थंडीत गोड लागतात ते काही मनाचे खेळ नाहीत, कडक थंडीत या झाडांच्या पेशींमध्ये साखर वाढते, त्यामुळे आतलं पाणी सहजासहजी गोठत नाही, आणि ती साखर आपल्या ताटात येते. अशा गाजराला मिरपूड आणि लिंबू पुरे. मटाराचं उलट असतं, तो तोडल्यापासूनच त्यातली साखर कमी होऊन पिठूळपणा वाढत जातो, म्हणून चार दिवसांच्या शिळ्या शेंगांपेक्षा फ्रोजन मटार बरेचदा गोड लागतो कारण तो तोडल्यावर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवलेला असतो. त्यामुळे हंगाम नसेल तर फ्रोजन मटार वापरताना अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. टोमॅटो मात्र फ्रिजमध्ये कोंबू नका, फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांचा 2016 मधला अभ्यास आहे की थंडीने टोमॅटोचा वास तयार करणारी यंत्रणाच मंदावते आणि बाहेर काढून ठेवला तरी पूर्ण परत येत नाही. अगदीच पिकून मऊ झाले तर ठेवा, आणि मग ते शिजवण्यात वापरा. बटाटेही फ्रिजबाहेरच बरे, थंडीत त्यांच्यात साखर वाढते आणि तळताना ते पटकन काळपट होतात.

उन्हाळ्यात गॅसपाशी कमीत कमी उभं राहायचं, सकाळी थंड वेळेला एकच काहीतरी शिजवून घ्या आणि संध्याकाळी काकडी, दही, फळं, थंडच खायची एखादी उसळ. थंडीत उलट, मोठं पातेलं, मंद आच आणि तासभर आपोआप शिजणारं काहीतरी, तेवढंच स्वयंपाकघरही उबदार होतं.

कडधान्य हा साध्या स्वयंपाकाचा कणा आहे असं मी मानते, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. सुट्टीच्या दिवशी एक मोठं पातेलंभर राजमा किंवा काबुली चणे शिजवून ठेवा, अर्धे फ्रीजरमध्ये, अर्धे आठवड्यासाठी, आणि बघा तो सात वाजताचा प्रश्न किती हलका होतो ते. रात्री भिजत घालताना पाण्यात मीठ घाला, लिटरभर पाण्याला साधारण 1 मोठा चमचा, त्याने सालं मऊ पडतात आणि दाणे फुटत नाहीत. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. टोमॅटो, चिंच, लिंबू काहीही आंबट असेल ते दाणे मऊ झाल्यावरच घाला, आंबटात कडधान्य लवकर मऊ होत नाही, आणि मग आपण शिट्ट्यांवर शिट्ट्या करत दाण्यांना दोष देत बसतो. राजम्याचं एक लक्षात ठेवा, तो कच्चट राहिला तर पोट फार बिघडवतो, निदान 10 मिनिटं तरी खळखळून उकळायलाच हवा. नुसत्या स्लो कुकरच्या मंद आचेवर ठेवू नका, तिथे तेवढी उष्णता मिळतेच असं नाही.

एका भाजीवर मेहनत म्हणजे काय ते फ्लॉवरवर दाखवते. तुरे असे कापा की प्रत्येकाची एक बाजू सपाट येईल, आणि पुसून अगदी कोरडे करा. जाड बुडाचा तवा किंवा पॅन चांगला तापवा, तेल घाला, तुरे सपाट बाजूने एकेक करून मांडा, मधे जागा सोडून. आणि आता हात बाजूला. हलवायचं नाही. चांगला चुरचुर आवाज येत राहिला पाहिजे, आवाज मंदावून रस्सा उकळल्यासारखा व्हायला लागला की समजा गर्दी झाली, पाणी सुटलं आणि फ्लॉवर भाजला जायच्या ऐवजी वाफवला जातोय, मग निम्मे तुरे काढून दोन वेळा करा. चार-पाच मिनिटांनी एक तुरा उलटून बघा, खालची बाजू तांबूस-तपकिरी झाली असेल आणि भाजक्या शेंगदाण्यासारखा वास सुटला असेल तर बाकीचे उलटा, मीठ घाला, आच कमी करून देठ मऊ होईपर्यंत ठेवा, खाली उतरवून लिंबू पिळा. तीन जिन्नस आणि मीठ. हा तपकिरी रंग म्हणजेच चव, 1912 साली लुई कामिय मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रथिनांचे घटक आणि साखर तापवल्यावर होणारी ही क्रिया मांडली, भाजक्या पावाच्या कडेला, भाजलेल्या कॉफीला जो वास असतो तो बराचसा याच क्रियेचा. ओल्या आणि गच्च भरलेल्या पॅनमध्ये ती होत नाही, म्हणूनच मी पदार्थ कमी करा म्हणून मागे लागलेय. या एका भाजीला जागा आणि लक्ष लागतं आणि ते बारा पदार्थांत कुणाकडे असतं?

कांद्याचंही तसंच, खरंच गोड, तपकिरी आणि मऊ हवा असेल तर मंद आचेवर 40 मिनिटं लागतात, दहा मिनिटांत होतो असं कुठे लिहिलेलं असेल तर सोडून द्या. जास्तीचा करून ठेवा, सणाच्या आधीच्या दिवशी करायला हे एकदम बेस्ट काम. आणि काहीतरी कमी वाटतंय म्हणून अजून एक मसाला घालायच्या आधी चिमूटभर मीठ आणि दोन थेंब लिंबू घालून बघा, बहुतेक वेळा तेच कमी असतं. मसाल्यांच्या बाटल्यांमध्ये दळलेले मसाले जुने झाले असतील तर वास घेऊन बघा, वास नाही तर चवही नाही, त्या बाटल्या रिकाम्या करा. अख्खे मसाले जास्त टिकतात, ते ठेवा आणि लागेल तसे कुटा.

आता सणाच्या आधीचे दोन दिवस. तयारी जेवायच्या वेळेपासून उलटी मोजत या. जेवायला बसायच्या अर्धा तास आधी तुमचा गॅस बंद व्हायला हवा, हे आधी ठरवा आणि मग मागे या. रस्सा, उसळ, मंद आचेवर शिजणारं जे असेल ते आदल्या दिवशी, मुरल्यावर त्याची चव वाढतेच. गोड असं निवडा की आदल्या दिवशी करून ठेवता येतं. सकाळी उरतं काय, तर मुख्य पदार्थाचा शेवटचा हात, भात किंवा पोळ्या, आणि चिरून ठेवायचं ताजं. कोशिंबिरीला मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

आदल्या दिवशी केलेलं ठेवायचं म्हणजे फ्रिजमध्ये जागा हवी, म्हणून आधीच्या आठवड्यात नवीन फारसं काही आणू नका, आहे ते संपवा. गच्च भरलेल्या फ्रिजमध्ये हवा फिरत नाही आणि मधली भांडी हवी तेवढी गार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे, शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, ठेवायचं तर 5 अंश सेल्सिअसच्या खाली गार किंवा 60 च्या वर गरम. भाताच्या बाबतीत तर मी फार कडक आहे, भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. उरलेला भात परातीत पसरा, पटकन निवू द्या, फ्रिजमध्ये टाका, तिथेही एखाद दिवसच. सणाला माणसं गप्पांत रमतात आणि पातेली दुपारभर ओट्यावर राहतात, तिथेच गडबड होते, तर हे काम आधीच कुणाच्या तरी नावावर करून टाका.

नावावरून आठवलं, मदत मागताना 'जरा बघ ना' असं मागू नका, कामं वाटून द्या. तुमचे यजमान बाहेरून मागव म्हणतात याचा अर्थ मी तरी असा घेतला की तुमची दमछाक त्यांना दिसतेय आणि दुसरा उपाय सुचत नाहीये. तर त्यांना बाजार आणि चिराचिरी द्या, पूर्णपणे द्या, काकडी जाड चिरली तर चिरू दे. मुलं मोठी असतील तर ताटं, पाणी, आणि नंतरची आवराआवर त्यांची. पाहुणे काय आणू विचारतात तेव्हा 'काही नको' म्हणू नका, फळं आणा म्हणून सांगा, खरंच उपयोगी पडतात. आणि सगळं एकदम टेबलावर मांडा, ज्याने त्याने हाताने घ्यायचं आणि तुम्ही सगळ्यांबरोबर बसायचं. एखादी गोष्ट थोडी कोमट झाली तर होऊ दे, गरम गरम वाढत राहण्यापायीच तर तुमची भूक मरत होती.

पहिल्या वर्षी कुणीतरी विचारेलच, अमुक नाही केलंस का. यंदा नाही, पुढच्या एखाद्या रविवारी करू, असं सरळ सांगा आणि ते खरंच करा. यादीतून काढलेले पदार्थ वाईट नव्हते, त्यांना गर्दीत जागा मिळत नव्हती इतकंच, तर ते वर्षभरातल्या साध्या सुट्ट्यांना एकेक करून वाटून टाका, त्या त्या भाजी-फळाचा हंगाम बघून. त्यातला पहिला रविवार सासूबाईंच्या आवडीच्या पदार्थाला द्या, आणि तो करताना त्यांना ओट्यापाशी खुर्ची टाकून बसवा, किती घालायचं ते त्यांना विचारत विचारत करा आणि त्यांच्या अंदाजाचं एकदा वाटी-चमच्याने मोजून वहीत लिहून ठेवा.